तांब्याभर पेज

मी संशयी बाई आहे. हे माझ्या नवऱ्यापासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे, तेव्हा तुमच्यापासून लपवण्यात काही अर्थ नाही. पौडच्या अलीकडे, रस्त्याला लागून आमचं घर आहे. खाली आम्ही तिघं, वर चार खोल्या भाड्याच्या. बाहेरच्या चपला बघून मला कळतं वर कोण आलंय आणि किती वेळ बसणार आहे. भाडेकरू ठेवायचे म्हणजे डोळे उघडे लागतात. भोळेपणाने घर चालत नाही.

उत्कर्षा जूनमध्ये आली. तिला आणलं माझ्याच मुलीनं. आरोही इथून तीन किलोमीटरवरच्या नर्सिंग कॉलेजात तिसऱ्या वर्षाला आहे. एका संध्याकाळी तिनं सांगितलं, "मम्मी, आमची एक ज्युनिअर हॉस्टेल सोडतेय. कोपऱ्यातली खोली दे तिला." पोरगी ताम्हिणीकडच्या वाडीतली, वडील शेरडं-मेंढरं राखणारे. एकोणीस वर्षांची, अंगानं काटकुळी. बोलताना माझ्याकडे नाही, फरशीकडे बघायची.

पहिला प्रश्न मला तेव्हाच पडला. वर्ष संपायच्या आत हॉस्टेल कोण सोडतं? मी विचारलंच. "तितलं जेवान बरं न्हाई काकू," ती म्हणाली. जेवणासाठी हॉस्टेल सोडलेली ही मुलगी खोलीवर सकाळ-संध्याकाळ नुसती खिचडी खात होती. मी मनाशी नोंद करून ठेवली.

मग तिची बॅग. ड्युटी आठची, पण ही सहाला बाहेर पडायची आणि वडापची जीप पकडायला निघायची. खांद्यावर तट्ट फुगलेली बॅग. संध्याकाळी परत यायची तेव्हाही बॅग तेवढीच फुगलेली. एवढी कसली पुस्तकं? आमची आरोही साडेसातला ॲक्टिव्हावर निघायची, हातात फक्त डबा. एकदा मी म्हटलं, "अगं, त्या पोरीला बसव की मागं, पावसात भिजत जाती." आरोही म्हणाली, "सीनियर-ज्युनिअर एका गाडीवर नाही जात, मम्मी." हॉस्पिटलचे बांगड्यांचे नियम, नखांचे नियम, तसाच हाही एखादा असेल असं मला वाटलं.

जुलैत तिच्या दाराखालून धूर यायला लागला. विडीकाडीचा नाही, कोळशाचा. मी वर जाऊन दार वाजवलं. तिनं ते वीतभर उघडलं आणि फटीत स्वतः उभी राहिली. कपाळावर घाम.

"कशाचा धूर गं?"

"डास लई हायेत काकू. धुरी केलीया."

तिच्या खांद्यावरून आत बघायचा मी प्रयत्न केला. तिनं अंग आणखी पुढं केलं. आमच्या भागात जुलैत डास कमी आणि पाऊस जास्त. जिना उतरताना माझं डोकं चालू झालं होतं.

आणि मग पेज. आरोहीच्या पप्पांना, म्हणजे कैलासना, दोन वर्षांपूर्वी साखर निघाली. तेव्हापासून मी कुकर बंद केला आणि भात पातेल्यात वेळायला, म्हणजे वरचं पाणी काढून टाकायला लागले. घरच्या शेतातला इंद्रायणी, त्याची पेज काय विचारता, बोटाला चिकटेल अशी दाट. पूर्वी म्हैस होती तेव्हा तिला घालायचे. म्हैस विकल्यावर मोरीत ओतत होते. एके दिवशी उत्कर्षा तांब्या घेऊन दारात. "काकू, पेज टाकू नगा. मला देत जावा."

"पिती का?"

"व्हय."

मला तिची दया आली, खोटं कशाला सांगू. पण दुसऱ्या दिवशी ती परत आली, तिसऱ्या दिवशीही. रविवारी तर दोन तांबे मागितले. रोज तांब्याभर पेज पिणाऱ्या पोरीच्या गालावर काही तरी चढायला हवं. हिचे गाल आणखी आत गेले होते. त्यातच सकाळी वरच्या न्हाणीतून तिच्या ओकण्याचा आवाज यायला लागला. कॉलेजला निघायच्या आधी, रोज.

बंद दार, उलट्या, उतरलेलं तोंड, पेजेचे डोहाळे. मी बाळंतपण केलेली बाई आहे. माझा हिशेब झाला.

आरोहीजवळ मी विषय काढला. तिनं फोनमधून मान वर केली नाही. "तिचं सोड ना मम्मी. ती तशीच आहे, वेंधळी. तू नको वर जाऊ सारखी." आता मला सांगा, कुणी मला 'वर जाऊ नको' म्हटल्यावर मी खाली बसेन का?

अनुष्का मॅडम म्हणजे कॉलेजातल्या पहिल्या वर्षाच्या वर्गशिक्षिका. आमच्याकडूनच तांदूळ नेतात. त्या आठवड्यात त्या आल्या तेव्हा पोत्याचं तोंड बांधता बांधता मी म्हटलं, "मॅडम, त्या उत्कर्षाकडं जरा लक्ष द्या. सकाळी उलट्या, दार सदा बंद, अन् रोज पेज मागती." एवढंच. पुढचं मी बोलले नाही, बोलायची गरज नव्हती. त्यांचा चेहरा बदलला. त्या म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत." आणि मला, काय सांगू, बरं वाटलं. आपल्या नजरेतून काही सुटत नाही, याचं बरं वाटलं.

गुरुवारी उत्कर्षा भर दुपारी परत आली. वर गेलीच नाही, जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसून राहिली. मी पेजेचा तांब्या नेऊन शेजारी ठेवला. तिनं त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. पहिल्यांदाच सरळ डोळ्यांत. तांब्याला हात लावला नाही.

काय झालं ते संध्याकाळी आरोहीकडून कळलं. वॉर्डात, पेशंटच्या नातेवाइकांच्या देखत, अनुष्का मॅडमनी तिच्या हातात लघवीची बाटली दिली होती. "सोबत दोन सीनियर पाठवल्या. दार उघडं ठेवायला लावलं," आरोही सांगत होती. "मग टेस्टची पट्टी सगळ्यांसमोर धरून बघितली. काही नव्हतंच, निगेटिव्ह. पण आता अख्खं कॉलेज तिला काय काय म्हणतंय. प्रिन्सिपल मॅडमनी वडिलांना शनिवारी बोलावलंय. ते तिचं नाव काढून नेणार, फोनवर तसंच म्हणाले. मामाचा मुलगा बघून ठेवलाय."

तव्यावरची भाकरी करपली.

"कुणीतरी मॅडमला काहीतरी सांगितलं म्हणे," आरोही म्हणाली. "तू तर नाही ना?"

"मी कशाला सांगू?"

मुलीशी मी इतकं सरळ खोटं कधी बोलले नव्हते. ती ताटावर वाकली आणि स्वतःशीच पुटपुटली, "ऐन परीक्षेच्या तोंडावर आता ड्रेसचं काय करायचं."

"कुणाच्या ड्रेसचं?"

"काही नाही."

ती पटकन उठली. अर्धी भाकरी तशीच. आणि माझा संशय, जो दोन महिने वरच्या मजल्यावर फिरत होता, तो पहिल्यांदा खाली आला. मूल नव्हतं, मग पेज कशाला लागत होती? आणि ती पोरगी जाणार म्हटल्यावर माझ्या मुलीचं काय अडणार होतं?

शुक्रवारी उत्कर्षा लायब्ररीची पुस्तकं परत करायला कॉलेजात गेली. मी दुसरी किल्ली घेतली आणि कोपऱ्यातली खोली उघडली. हे बरोबर नव्हतं, मला कळत होतं.

खोलीत आडवी-उभी सुतळी बांधलेली आणि तिच्यावर पांढरे ड्रेस. नर्सिंगच्या मुली घालतात ते. खाली कोळशाची शेगडी आणि तिच्यावर कोंबड्या झाकायचं बांबूचं डालं उपडं घातलेलं. त्यावर एक ड्रेस पसरलेला. पावसाळ्यात तान्ह्या बाळाची दुपटी आम्ही अशीच सुकवायचो. बंद खोलीत कोळसा पेटवून ही पोरगी झोपत होती; सकाळच्या उलट्या त्या धुरानं, जीव कसा राहिला कोण जाणे. कोपऱ्यात बादलीत माझी पेज, पाण्यात कालवलेली, वर गाळायचं फडकं. पेज ती पीत नव्हती. कपड्यांना खळ करत होती.

त्यांच्या ड्रेसच्या खांद्यावर वर्षाप्रमाणे रंगीत पट्टी असते. पहिल्या वर्षाची हिरवी, तिसऱ्याची तांबडी. मी मोजलं. हिरवी एक. तांबड्या सहा. रोज सकाळी कॉलेजात कपड्यांची तपासणी होते, सुरकुती दिसली तर वॉर्डाबाहेर उभं करतात, हे मला आरोहीनंच सांगितलेलं. मुळशीच्या पावसात सात-सात ड्रेस रोज कडक ठेवायचे म्हणजे माणसानं झोपायचं कधी?

एका ड्रेसची कॉलर मी नाकाला लावली. इंद्रायणीचा वास. आमच्याच तांदळाचा, आमच्याच पातेल्यातला.

मी खाली आले. आरोहीचं कपाट उघडलं. तीन वर्षं ही मुलगी ड्रेस कधी माझ्याकडे धुवायला टाकत नाही, कॉलेजच्या गेटजवळच्या लाँड्रीत देते, म्हणून मी चार जणींत तिचं कौतुक करत आले होते. हँगरला लावलेल्या ड्रेसची कॉलर मी हुंगली. तोच वास. मी तिथंच पलंगावर बसले. 

आरोही घरी आली तेव्हा तो ड्रेस मी समोर टेबलावर ठेवला होता. तिनं ड्रेसकडे बघितलं आणि तिला सगळं समजलं.

"सगळेच करतात, मम्मी. पहिल्या वर्षाच्या मुलींनी सीनियरचे ड्रेस धुवायचेच असतात. आम्ही तिला मारलं-बिरलं नाही."

"हॉस्टेलमधनं हितं का आणलीस तिला?"

"तिथं वॉर्डनना एवढे ड्रेस एकदम वाळत घातलेले दिसले असते." मग म्हणाली, "इथं कोण बघणार होतं?"

इथं मी बघणार होते. चोवीस तास बघत होते.

"अन् न्हाई म्हणाली असती तर?"

"तिच्या प्रोसिजर बुकवर सिस्टरांच्या सह्या लागतात. आमचं ऐकतात त्या. नाही म्हटलं की वॉर्डात कुणी काही शिकवत नाही, दिवसभर बेडपॅन धुवायला लावतात. सह्या नाहीत तर परीक्षेला बसू देत नाहीत." हे ती असं सांगत होती की जणू एसटीचं वेळापत्रक.

"शेरडं राखणाऱ्याची म्हणून बकरी म्हणता का तिला? सांग खरं."

तिनं नजर फिरवली.

"आरोही, तू बी धुतलेस का गं पहिल्या वर्षी?"

ती पुढं झाली. ड्रेस उचलला, झटकला, परत हँगरला लावला आणि तिच्या खोलीचं दार लोटून घेतलं.

शनिवारी सकाळी मी वर गेले. उत्कर्षा गाठोडं बांधत होती. सुतळ्या सोडून गुंडाळून ठेवल्या होत्या. सहा ड्रेस घडी घालून खाटेवर. जातानासुद्धा घड्या घातल्या होत्या पोरीनं.

"उत्कर्षा, मी येते कॉलेजात. खरं काय ते सांगते."

ती गाठ मारत राहिली. "तुमीच सांगितलं न्हवं काकू मॅडमला?"

मी खाटेवरच्या ड्रेसकडे बघितलं.

"पेजंचं तुमच्याबिगार कुनाला ठावं हाय? मॅडम म्हनल्या, पेज पितीस म्हनं रोज. तवाच कळलं मला." ती मान वर करून म्हणाली, "आता आनि काय सांगनार हाय? पोरीला वाचवाय निगाला व्हय?"

तिला माझ्यावर संशय घ्यायचा पूर्ण हक्क होता. मी म्हटलं, "न्हाई." तिनं विश्वास ठेवला नाही, ते तिच्या तोंडावर दिसत होतं.

अकरा वाजता प्रिन्सिपल मॅडमच्या केबिनमध्ये आम्ही पाच जण होतो. मॅडम, अनुष्का मॅडम, उत्कर्षा, तिचे वडील बिरदेव आणि मी. मला कुणी बोलावलं नव्हतं. मी घरमालकीण म्हणून घुसले. बिरदेव पहिल्या एसटीनं आले होते, खताच्या पिशवीची खोळ डोक्यावरून काढून घडी करून मांडीवर ठेवली होती. भिंतीवर रॅगिंगविरोधी फलक, मोठ्या अक्षरात फोन नंबर. टेबलावर नाव काढायचा अर्ज टाइप करून तयार.

"आमाला भांडान करायचं न्हाई," बिरदेव म्हणाले. "कुटं सही करायची तेवडं दावा."

"थांबा," मी म्हटलं.

आणि मी सांगितलं. धूर, डालं, पेज, सहा तांबड्या पट्ट्या. अनुष्का मॅडम खिडकीबाहेर बघायला लागल्या. प्रिन्सिपल मॅडमनी उठून केबिनचं दार लावलं.

"सीनियर कोण आहेत, नावं माहीत आहेत तुम्हाला?"

"एक नाव पक्कं माहितीय."

त्यांनाही ते माहीत होतं, मला त्यांच्या बसण्यावरून कळलं. आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "शुभांगीताई, आरोहीची शेवटची परीक्षा दोन महिन्यांवर आली आहे. हुशार मुलगी आहे. तुम्ही लेखी दिलंत की मला कमिटी बसवावी लागेल, आणि मग माझ्या हातात काही राहणार नाही. तोंडी राहू दे. मी सगळ्यांना समज देते."

किती मायेनं बोलत होत्या. पण मायेनं बोलणाऱ्या माणसाच्या हाताकडे बघायची मला सवय आहे. त्यांचा हात त्या टाइप केलेल्या अर्जावर होता, आणि त्यांनी तो बिरदेवांच्या बाजूला हळूच सरकवला. तोंडी राहिलं असतं तर आरोही पास झाली असती आणि ही पोरगी पुढच्या लगीनसराईत मामाच्या घरी गेली असती. कुणाचंच काही बिघडलं नसतं, फक्त तिचं.

"कागद द्या," मी म्हटलं.

मी लिहायला लागले. मनात एकच, की कुणीतरी हा कागद ओढून घ्यावा. कुणी घेतला नाही. मी दोन नावं लिहिली. सीनियर मुलींच्या यादीत आरोहीचं. आणि खाली, गरोदरपणाचा खोटा संशय ज्या बाईनं मॅडमच्या कानावर घातला तिचं, म्हणजे माझं. 'तक्रारदाराचं नातं' असं काही लिहायचं असतं, ते मॅडमनी विचारलं. "आरोपीची आई," मी म्हटलं, आणि तसंच लिहिलं.

बिरदेवांनी अर्ज हातात धरून मुलीकडे बघितलं. "काय करायचं बाय?"

उत्कर्षानं बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. यात काय डाव आहे हे ती शोधत होती. तिला तो सापडला नाही, पण नसेलच असंही तिला वाटलं नसावं. "शिकते आबा," ती म्हणाली. "पर ह्यांच्या खोलीवर ऱ्हानार न्हाई."

"न्हाईच ऱ्हायाचं," बिरदेव म्हणाले आणि अर्ज टेबलावर परत ठेवला.

मी बाहेर आले तर व्हरांड्यात आरोही उभी होती. शिपायानं बोलावून आणलं असणार. अंगावर तोच ड्रेस, कॉलर ताठ. तिनं काय झालं ते विचारलं नाही.

"अकरा," ती म्हणाली. "पहिल्या वर्षी मला अकरा जणींचे ड्रेस होते. ड्युटी संपल्यावर कॉलेजच्या गच्चीवर धुवायचे. घरी यायला सात वाजायचे. आठवतं तुला?"

मला आठवत होतं. चांगलंच आठवत होतं. सात वाजता का येते म्हणून मी तिचा फोन तीन महिने काढून घेतला होता. त्यातला एकेक नंबर लावून बघितला होता. कोण सोडायला येतं ते पाहायला तिच्या पप्पांना स्टँडवर उभं केलं होतं. ती न्हाणीत गेली की तिची ओढणी हुंगायचे, पुरुषाच्या सेंटचा वास येतो का म्हणून. वास साबणाचा यायचा. पोरीचे हात सोललेले होते. मी ओढणी बघितली, हात बघितले नाहीत.

"तिच्यासाठी आलीस तू कॉलेजात," आरोही म्हणाली. "माझ्यासाठी का नाही आलीस?"

या वेळी मी खोटं बोलले नाही.

"मला तुझाच संशय आला होता."

"माहितीय," ती म्हणाली, आणि केबिनचं दार ढकलून आत गेली.